आठ दिवसांचं शून्य

तिला ऑफिसात सगळे फौजदार म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. मागे बोलायची सोयच नव्हती, मागे बोललेलं तिला आधी कळायचं. वीज कंपनीच्या तक्रार विभागात नेटवर्क सांभाळणारी ही बाई वयाने त्रेपन्न, उंचीने बेताची, पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली होती. यंत्रं बदलली तशी पुस्तकं आणून शिकली, परीक्षा दिल्या, आणि ज्यांनी "बाईंना जमेल का?" असं विचारलं होतं, त्यांनाच पुढे तिच्याकडे पासवर्ड मागायला यावं लागलं. तेव्हा ती मुद्दाम पाच मिनिटं थांबवायची.

तिचं काम सांगायला सोपं आहे. लाइट गेली की माणूस फोन लावतो. त्याला नंबर एकच माहीत. पण त्या नंबरामागे तीन शहरांतली तीन केंद्रं, प्रत्येक केंद्रात तक्रारी घेणारा सर्व्हर आणि त्याच्यापुढे बसलेली माणसं. पूर्वी प्रत्येक केंद्राचा संसार वेगळा होता. एकीकडे रांगा, दुसरीकडे जांभया. फौजदारने भांडून भांडून ते मोडलं. "माणूस कुठल्या इमारतीत बसतो ते मला सांगू नका, काम काय करतो ते सांगा," असं म्हणत तिने तिन्हीकडचे सर्व्हर एका गटात बांधले आणि गटापुढे नियम लिहिला: शंभर तक्रारी आल्या तर कोणाला किती. एखादं केंद्र बंद पडलं तर त्याचा वाटा बाकीच्यांकडे आपोआप जाणार. नियम बदलायचा तर एक आकडा बदलायचा, बस. पण बदलणाऱ्याने शेजारी कारण, तारीख आणि स्वतःचं नाव लिहायचं, आणि वर साहेबांची मंजुरी. नाव न लिहिणाऱ्या पोरांना तिने इतकं झापलं होतं की एकाने म्हणे घरच्या दूधवाल्याच्या चिठ्ठीवरही तारीख टाकली होती.

तिसरं केंद्र सगळ्यात लहान, बारा माणसांचं. तिथे तिची नणंद फोन घ्यायला होती. वन्सं तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. लग्नाला स्वच्छ नाही म्हणालेल्या, एकट्या राहणाऱ्या, भावाच्या दारात कधी हात न पसरलेल्या. नोकरीची चार वर्षं उरली होती आणि त्या चार वर्षांवर त्यांचं पुढचं सगळं म्हातारपण उभं होतं. फौजदारने दुपारी कधीही मोबाइल लावावा, वन्सं पहिल्या रिंगला उचलायच्या.

"काय वन्सं, माश्या मारताय वाटतं?" हा फौजदारचा ठरलेला विनोद.

"फोनच येत नाहीत गं वहिनी. आमच्याकडे लोक शांत आहेत बहुतेक."

"शांत कसले, तुमचं नशीब शिकंदर!" असं म्हणून ही हसायची. नवरा मध्ये पडायचा नाही. बहीण आणि बायको यांच्यामध्ये पडणाऱ्याचं काय होतं ते त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

त्या सोमवारी साहेब तिच्या टेबलाशी आले. साहेब तिच्याहून बारा वर्षांनी लहान, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. म्हणाले, "तिसरं केंद्र महिनाअखेर बंद करतोय. गुरुवारी मीटिंगमध्ये शिक्कामोर्तब होईल. बारा माणसं आणि दिवसाला अकरा तक्रारी, परवडत नाही. तुम्ही तेवढं गटातून नाव काढून टाका."

वन्संचं कसं होणार, हेच तिच्या मनात आधी आलं. पण अकरा तक्रारी म्हणजे अकरा. आकड्याशी भांडता येत नाही. तिने गटाचं पान उघडलं. पहिलं केंद्र, पन्नास. दुसरं केंद्र, पन्नास. तिसरं केंद्र, शून्य.

शून्याशेजारी टीप होती. "वायरिंग बदलणे चालू. तात्पुरतं. आठ दिवस." खाली तारीख, तीन वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वीची. खाली तिचं नाव.

तिने तारीख पुन्हा वाचली. आठ दिवसांत वायरिंग झालं होतं, केंद्र उघडलं होतं, आणि शून्य तिथेच राहिलं होतं. दर आठवड्याला ती हे पान बघायची, पण बघायची काय तर दिवा. यंत्रणा दर दहा सेकंदांनी प्रत्येक केंद्राला विचारते, आहेस का? तिसरं केंद्र तीन वर्षं न चुकता आहे म्हणत होतं आणि त्याच्यापुढे हिरवा दिवा लागत होता. दिवा हिरवा म्हणून फौजदार पुढे जात होती. आणि त्या अकरा तक्रारी? त्या जुन्या बिलांवर छापलेल्या केंद्राच्या जुन्या नंबरावर यायच्या, गटातून एकही नाही. त्याच वेळी पहिल्या दोन केंद्रांत लोक अंधारात कानाला फोन लावून वीस-बावीस मिनिटं "कृपया प्रतीक्षा करा" ऐकत होते.

ती उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी दार लावलं.

"आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग झालं तर! नाव काढलंत की टीपही गेली. अहवाल माझ्या सहीने वर पोचलाय. तुमची बढतीही यंदा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"आणि ती बारा माणसं?"

"ती तशीही जाणारच आहेत."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, साहेब," फौजदार म्हणाली. "आकडा बदलायचा अर्ज मी आत्ता टाकते. तुम्ही मंजुरी द्या."

"नाही देणार."

"मग गुरुवारी सगळ्यांसमोर मागते."

मंजुरीशिवाय आकडा फिरवायला तिला एक मिनिट लागलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्यांना शिकवलेला नियम स्वतःच्या गळ्याशी आल्यावर मोडायचा, असली बाई ती नव्हती. त्यापेक्षा अवघड काम वेगळंच होतं. ते तिने बुधवारी संध्याकाळी केलं. वन्संनी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"बोल वहिनी."

हिने सांगितलं. आडपडदा न ठेवता, स्वतःला न वाचवता.

"म्हणजे लोक फोन करत होते?"

"करत होते. तुमच्यापर्यंत येतच नव्हते. माझ्यामुळे."

"आम्ही हेडफोन तपासायचो गं," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "वाटायचं, आमचेच बिघडलेत. तीनदा नवे मागवले. दरवेळी वरून कागद यायचा, यंत्रणा व्यवस्थित आहे. खाली सही तुझी."

"वन्सं, मी…"

"आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही शेवटी शेवटी. पगार घ्यायला लाज वाटायची. आणि तू म्हणायचीस, माश्या मारताय का."

फोन बंद झाला. फौजदारला रडू आलं. आलं म्हणजे आलं, फौजदार झाली म्हणून काय झालं! मग तोंड धुतलं आणि कबुलीचा कागद लिहायला बसली.

गुरुवारी अकरा वाजता मीटिंग भरली. टेबलाच्या टोकाला संचालकबाई, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. साहेबांनी भिंतीवर तक्ता दाखवला. बारा माणसं, अकरा तक्रारी. "म्हणजे माणशी एकसुद्धा नाही," साहेब म्हणाले आणि दोघं-तिघं हसले.

फौजदार उभी राहिली. "बाई, अहवाल चुकलाय. चूक माझी आहे." तिने कागद पुढे सरकवला.

"ही तांत्रिक बाब आहे, नंतर बघू," साहेब घाईने म्हणाले.

"नंतर म्हटलं की काय होतं ते माझ्याइतकं इथे कोणाला ठाऊक नाही, साहेब. आठ दिवसांचं तीन वर्षं होतं." ती संचालकबाईंकडे वळली. "बाई, घरात तीन सुना. सगळं काम दोघींना सांगायचं, धाकटीला काही सांगायचंच नाही, आणि मग चारचौघांत म्हणायचं की धाकटी ऐतखाऊ आहे, हाकला तिला. हे चाललंय. वर त्या दोघी कामाने मोडल्यात ते वेगळंच. हा तक्ता त्या बारा माणसांचा नाही, माझा आहे. शिक्षा करायची तर चोर सोडून संन्याशाला फाशी नको. मी इथे उभी आहे."

कोणी हसलं नाही.

"तुम्ही काय कबूल करताय ते कळतंय ना?" संचालकबाईंनी विचारलं.

"कळतंय. म्हणून तर लेखी आणलंय. शिक्षा सावकाश ठरवा, पण आधी तो आकडा बदलू द्या. आत्ता या घडीला लोक बावीस मिनिटं खोळंबलेत आणि तिथे बारा माणसं हेडफोन लावून बसलीत."

"किती वेळ लागतो?"

"एक मिनिट."

संचालकबाईंनी साहेबांकडे पाहिलं. "मंजुरी द्या." साहेबांनी दिली. देताना त्यांचे कान लाल झाले होते, आणि खरं सांगायचं तर ते बघून फौजदारला फार बरं वाटलं.

तिने तिथेच, सगळ्यांसमोर, शून्य पुसून दहा लिहिलं; बाकी दोघांचा वाटा आपोआप तेवढा उतरला. दहा मिनिटं वाट बघितली. मग दहाचे वीस केले. टिपेत लिहिलं, "शून्य काढलं. ते मीच टाकलं होतं आणि विसरले होते." तारीख, आणि पूर्ण नाव. एक वाजेपर्यंत थांबण्याची वेळ बावीसवरून नऊ मिनिटांवर आली. केंद्र बंद करायचा ठराव संचालकबाईंनी स्वतःच्या हाताने मीटिंगच्या कागदावरून खोडला.

फौजदारची बढती गेली. मेमोही मिळाला, "अक्षम्य निष्काळजीपणा" असा. तिने तो टेबलामागच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा लावला. साहेबांनी काढायला सांगितला तर म्हणाली, "खरंच लिहिलंय, राहू द्या."

पण मेमो पुढच्या आठवड्यातला. त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता तिने वन्संना मोबाइल लावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. तिसऱ्यांदाही नाही. तीन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आता या आपल्याशी जन्मात बोलणार नाहीत, असं तिला वाटलं. केंद्र वाचलं आणि माणूस गेलं.

संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. वन्सं. आवाज पार बसलेला, घोगरा.

"वहिनी," त्या कडक आवाजात म्हणाल्या, "कामाच्या वेळात फोन करत जाऊ नकोस."