साडूभाऊ आणि त्यांचा तुळाजी

स्वतःच्या आयुष्याची आखणी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण जो माणूस अजून जन्मालाच आलेला नाही, त्याला साडेतीन महिने वहीत ठेवून त्याचा विसाव्या पायरीपर्यंतचा सगळा जन्म लाल पेनाने आखणारा, खोडणारा आणि पुन्हा आखणारा गृहस्थ अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडू आहे, हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नेकनूरच्या पुढे आत एक गाव आहे, तिथल्या दूध सोसायटीचे ते सेक्रेटरी. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं. निळं सोसायटीच्या रजिस्टरसाठी आणि लाल कॉम्प्युटरवरच्या एका खेळाच्या वहीसाठी. निळ्या पेनाने खेळाचं काही लिहिलं असं कधी झालं नाही, याबद्दल ते शपथ घ्यायला तयार असत. बोलणं अगदी बेताचं. एकदा गावातल्या कुणाच्या तरी सत्कारात त्यांच्या हातात माइक दिला. साडूभाऊ उभे राहिले, ‘नमस्कार’ म्हणाले आणि खाली बसले. माइक बंद पडला असं समजून मांडववाला वायर तपासायला धावला.

सोसायटीत फॅट काढायच्या मशीनबरोबर कॉम्प्युटर आला, तेव्हा तो बसवायला बीडहून एक मेकॅनिक आला होता. लाईट गेलेली, म्हणून तो दिवसभर अडकून पडला. संध्याकाळी लाईट आल्यावर साडूभाऊंनी पाजलेल्या पाच चहांची परतफेड म्हणून त्याने कॉम्प्युटरमध्ये एक खेळ टाकून दिला. या खेळात आपण एक माणूस घडवायचा. त्याला थोडं बळ द्यायचं, थोडी चपळाई, थोडं ज्ञान, थोडी वाणी, आणि सोडून द्यायचा एका मुलखात, जिथे मांत्रिक आहेत, भुतं आहेत आणि तोंडातून आग टाकणारा एक पंखवाला राक्षसी सरडा आहे. साडूभाऊ त्याला शेवटपर्यंत घोरपडच म्हणत आले. कामं करत गेलं की माणूस एकेक पायरी वर चढतो, आणि प्रत्येक पायरीला त्याच्या कुठल्यातरी एका गुणात भर घालता येते. मेकॅनिक जाताजाता म्हणाला, काही चुकलं तर परत पहिल्यापासून सुरू करता येतं. हे वाक्य साडूभाऊंना आवडलं नाही. मला म्हणाले, “गुरुजी, मानूस येकदाच जन्माला घालायचा. नीट घालायचा.”

म्हणून ते साडेतीन महिने. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळचं यायच्या आत, दुपारच्या उन्हात पत्र्याखाली बसून ते इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेत आणि वही लाल करत. सहाव्या पायरीला वाणी वाढवायची की चपळाई, यावर त्यांनी माझा सल्ला घेतला. मी वडवणीच्या शाळेत मराठी शिकवतो, म्हणून अर्थातच वाणी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा त्या विषयात पडलो नाही.

आणि मग एका मंगळवारी शाळेत फोन आला. साडूभाऊंचा आवाज खोल गेलेला. “गुरुजी, तुळाजी गेला.”

एवढंच, आणि फोन बंद. आता तुळाजी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. पण साडूभाऊ आपणहून फोन करणारे नव्हेत, त्या अर्थी कुणीतरी जवळचं असणार. मी अर्धी रजा टाकली, वडवणीहून बीड, बीडहून नेकनूर अशा एसट्या बदलत, पुढे एका मोटारसायकलच्या मागे बसून दुपारी तीनला पोचलो. घरात शांतता. साडूभाऊ ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. मी शेजारी बसलो आणि विचारलं, “कशानं गेला?”

“रानडुकरानं मारला.”

“शेतात?”

“खेळ सुरू झाल्यावर धाव्या मिन्टाला.”

स्वयंपाकघरातून ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणाल्या, “भाऊजी, त्यो कॉम्प्युटरमधला हाय. सकाळपास्नं हे जेवले न्हाईत. आता तुमी आलाव तर तुमीच सांगा.”

झालं होतं असं, की विसाव्या पायरीला तुळाजी महाज्ञानी व्हावा म्हणून साडूभाऊंनी जन्मतःच सगळं त्याच्या ज्ञानात ओतलं होतं. बळाच्या रकान्यात काही ठेवलंच नव्हतं. मुलखातल्या सर्व वनस्पतींची नावं माहीत असलेला तो विद्वान पहिल्याच झुडपापाशी डुकराला सापडला. मी त्यांना समजावलं, दोन भाकरी खाऊ घातल्या आणि रजेच्या अर्जात कारण काय लिहावं याचा विचार करत परत फिरलो. पुढे आठ दिवसांनी दुसरा तुळाजी जन्माला आला. हा जरा अंगापिंडानं भरलेला होता.

या दुसऱ्या तुळाजीपासून पत मोजायचं प्रकरण सुरू झालं. त्या मुलखात लोहार आहेत, मठवाले आहेत, जंगलात राहणारे आहेत, नदीकाठचे चोर आहेत, आणि या प्रत्येकाच्या मनात तुळाजीची किती पत आहे, याचा आकडा पडद्यावर दिसतो. लोहारांचं काम केलं की त्यांच्यातली पत वाढते, पण लोहार कोळशासाठी झाडं तोडतात, म्हणून जंगलवाल्यांतली उतरते. कुणाचं काम आधी करावं, कुणाला किती दिवस टोलवावं आणि चोरांशी कुठवर गोड राहावं, याचे साडूभाऊंनी असे काही तक्ते केले होते की आमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी शिकवणी लावावी. पण तक्त्यांची सवय वाईट. हळूहळू त्यांना साऱ्या माणसांच्या डोक्यावर आकडे दिसू लागले. एका दिवाळीत ते मला अगदी सहज म्हणाले, “आमच्या घरी तुमची पत त्र्याहत्तर हाय, गुरुजी. मागच्या साली शहात्तर व्हती.”

“कावून कमी झाली?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“हिच्या भज्याला तुमी मीठ कमी म्हनलाव.”

एका पावसाळ्यात आम्ही सगळे नातेवाईक कपिलधारला गेलो, धबधबा पाहायला आणि दर्शनाला. एक जीप ठरवली होती आणि माणसं चौदा. कोणी कुणाशेजारी बसलं तर कोणाची पत दुखावेल, याचा साडूभाऊंनी चार दिवस खपून नकाशा केला. सासूबाई खिडकीशी, थोरल्या मामी त्यांना दिसतील पण ऐकू येणार नाहीत अशा बेताने, माझा मेहुणा पुढे, कारण त्याला मागे बसवलं की तो उलटी करतो आणि वर रुसतो. नकाशा इतका बिनचूक होता की सगळे पहिल्यांदाच विनातक्रार बसले आणि जीप निघाली. दोन मैल गेल्यावर ताई म्हणाल्या, “आन् हे कुठायत?” नकाशात साडूभाऊंनी स्वतःला जागाच ठेवली नव्हती. ते तासाभराने मागून एसटीने आले, पायऱ्या उतरून खाली पोचले आणि आधी मला बाजूला घेऊन विचारलं, “कोनी नाराज?” कोणीच नव्हतं. मग त्यांनी त्या धबधब्याकडे पाहिलं.

त्यानंतर दुष्काळ आला. एका सालाने भागलं नाही, दुसरंही तसंच गेलं. विहिरींचे तळ दिसू लागले, दुधाचे कॅन निम्मे येऊ लागले, ऊसतोडीला जाणारे दसऱ्यानंतर लगेच निघून गेले आणि सोसायटीच्या माळावर चारा छावणी उभी राहिली. बांबू आणि शेडनेटच्या सावलीत चारशे जनावरं, उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या आणि पाण्यासाठी सोसायटीच्या बोअरवरचा एकच हौद. जनावराच्या कानात बिल्ला अडकवून रजिस्टरात नोंद करायचं काम साडूभाऊंचं. त्या दिवसांत मी तिकडे गेलो असता, त्यांनी रजिस्टर आणायला सांगितलं आणि मी चुकून खेळाची वही उघडली. तुळाजीच्या पानांच्या मागे एक पान होतं, त्यावर त्यांचं स्वतःचं नाव. बळ चार. चपळाई दोन. ज्ञान अकरा. वाणी शून्य. खाली पुढच्या तीन वर्षांचा बेत लिहिला होता: यंदा सभेत एकदा बोलणे. पुढच्या साली दोनदा. तिसऱ्या साली नोकरी सोडून संचालकाच्या जागेला उभे राहणे. शेजारी तक्ता: चेअरमन साठ, वरची आळी पंचावन्न, खालची आळी अठ्ठेचाळीस. मी वही मिटली आणि रजिस्टर नेऊन दिलं. हसूही आलं नाही.

छावणीत जागा संपल्यावर डोंगराकडच्या वस्तीवरून गोदाबाई आली. साठीपलीकडची धनगराची बाई. मुलगे-सुना तोडीला गेलेले, मेंढरं दिराबरोबर लांब कुठे चाऱ्याला गेलेली आणि मागे तिच्या गळ्यात अकरा गाई. त्या गाईंच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. ती सोसायटीची सभासद नव्हती. चेअरमन म्हणाले, आधी सभासदांची जनावरं. तिला नाही म्हणायचं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, म्हणून सभा बोलावली. मी तेव्हा तिथेच होतो, रविवार होता.

सकाळी अकराची वेळ, पत्र्याखाली साठेक माणसं. चेअरमननी सांगितलं की हौद एकच आहे आणि आज एकीला घेतलं की उद्या दहा येतील. खोटं काहीच नव्हतं त्यात. वरच्या आळीचे लोक माना हलवत होते. गोदाबाई बाहेर उन्हात गाईंपाशी उभी होती. सेक्रेटरींनी तसा ठराव लिहून घ्यावा, असं चेअरमन म्हणाले. साडूभाऊंनी निळ्या पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं. आणि उभे राहिले. मला वाटलं, आता ‘नमस्कार’ म्हणतील.

“म्हातारीच्या गाई आत येतील,” ते म्हणाले. “रजिस्टर माज्याकडं हाय. मी बिल्ले लावनार. ज्याला पटत न्हाई, त्यानं मला काढावं.”

मग वरच्या आळीचा एक जण म्हणाला, “अन् पानी कमी पडलं मंजी, सेक्रेटरी?”

साडूभाऊंनी निळं पेन खिशात ठेवलं. त्यांची नजर माणसांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि तिथे थांबली. “माज्या दोन म्हशी मी काढतो. त्या आज वडवणीला जातील. आमच्या गुरुजींकडं.”

मला हे आत्ताच कळत होतं. साठ माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग खालच्या आळीतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, माझा एक बैल पाहुण्याकडं धाडतो. आणखी एकाने एक गाय काढली. चेअरमन कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “घ्या रं मग आत, उन्हात कावून उभं केलंय तिला,” आणि सभा मोडली.

त्या संध्याकाळी टेंपोतून दोन म्हशी माझ्या भाड्याच्या घरामागे उतरल्या आणि साडेचार महिने राहिल्या. घरमालक पहिले आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पातेलं घेऊन दुधाला आले. आम्ही सगळे मोठ्या परातीत उभं राहून तांब्याभर पाण्यात आंघोळ करायचो आणि ते पाणी म्हशींच्या अंगावर घालायचो. वडवणीच्या बाजाराला साडूभाऊ पेंडीचं पोतं घेऊन यायचे, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवायचे, मग माझ्या बायकोला विचारायचे, “आमची पत कितीवर आली?” ती शेण काढता काढता म्हणायची, “अजून मोजती आहे.”

छावणी पावसाळ्यापर्यंत निभावली. पाणी कमी पडलं, पण संपलं नाही. गोदाबाईच्या अकरांतल्या दहा गाई चालत डोंगरावर परत गेल्या; एक छावणीतच म्हातारपणाने गेली. साडूभाऊ मात्र संचालक झाले नाहीत. चेअरमननी त्यांना काढलं नाही, पण वरच्या आळीने पुढची दोन वर्षं त्यांना लग्नाच्या पत्रिका नुसत्या पोचवल्या, घरी येऊन आवतण दिलं नाही. त्यांच्या दृष्टीने हा चाळीसच्या खालचा आकडा होता. सभेतही ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मी एकदा धीर करून त्या दिवसाबद्दल विचारलं, तर म्हणाले, “बोललो कुटं गुरुजी, तोंडातून गेलं ते.”

आता ते निवृत्त आहेत. मुलाने पुण्याहून लॅपटॉप आणून दिला आहे, त्यात त्या खेळाची नवी, मोठी आवृत्ती आहे. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे पडद्यावरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. म्हणून मी सुट्टीत गेलो की इंग्रजी वाचून मराठीत सांगतो, ते काय करायचं ते सांगतात आणि मी बटणं दाबतो. मागच्या महिन्यात गेलो होतो. ताई शेंगा फोडत बसल्या होत्या. आमचा माणूस रान ओलांडून एका नदीपाशी पोचला. पलीकडे गाव होतं आणि खाली लिहून आलं होतं की तिथे महत्त्वाचं काम वाट पाहत आहे. पूल कुठे आहे ते मी शोधू लागलो.

“थांबा,” साडूभाऊ म्हणाले.

“का? काम आहे पलीकडे.”

“आसूंद्या. नदी दिसती मला, अक्षर न्हाई दिसत पन ती दिसती.” त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. “त्याला काठावर बसवता येतं का बघा.”

बसवता येत होतं. मी त्याला बसवला. नदी दोन्ही काठ भरून वाहत होती आणि लॅपटॉपमधून तिचा बारीक आवाज येत होता. ताईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि त्याही येऊन बसल्या. मग आम्ही तिघं पाणी बघत राहिलो.