सुपारी फोडून आणलेला चढाईपटू

आमच्या गावात बोलायला दुसरं काही उरलं नाही की देवळाच्या पायरीवर अजून तोच विषय निघतो. त्या वर्षी तो बाहेरचा चढाईपटू घ्यायला हवा होता की नको? चार डोकी जमली की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, त्याचा गुडघा आधीच गेला होता, आंधळ्यालाही दिसत होतं. दुसरा म्हणतो, मग उपांत्य सामना काय तुझ्या आज्यानं जिंकून दिला? पंचवीस वर्षं होत आली. त्या संघातले निम्मे मुंबईला गेले, दोघं वारले, माझे केस गेले, वाद तेवढा शाबूत आहे. मी हल्ली त्या पायरीवर बसत नाही. बसलो तर कुणाच्या तरी थोबाडीत मारीन, आणि न्यायानं बघायचं तर पहिली मलाच बसायला हवी.

गाव आमचं पोलादपूरच्या वर डोंगरात. तीस-पस्तीस घरं, शेळ्या, थोडी म्हसरं, उतारावर नाचणी-वरी. मिरवण्यासारखं काही नव्हतं, एक कबड्डी होती. शिमगा झाला की तालुक्यातल्या गावांची स्पर्धा व्हायची, आणि समोरच्या डोंगरावरच्या गावानं आम्हाला लागोपाठ तीन वर्षं अंतिम सामन्यात माती चारली होती. बाजाराच्या दिवशी पोलादपुरात त्यांच्यातला कुणी दिसला की आमची माणसं रस्ता बदलायची. हे मी थट्टेनं सांगत नाही. मी स्वतः बदललाय. मी संघात कोपरा सांभाळायचो, चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या कपापुढे मला जगात काही दिसत नव्हतं.

स्पर्धेचा नियम असा की खेळाडू गावचाच पाहिजे, रेशनकार्ड दाखवावं लागे. सवलत एकच होती, गावचा जावई चालायचा. जावई म्हणजे घरचाच, असा त्यामागचा मोठेपणा. आणि आमच्याकडे सुपारी फुटली की पोरगी दिली असंच धरतात, म्हणून नुसती सुपारी फुटलेला जावईसुद्धा चालायचा. या सवलतीसाठी मुद्दाम जावई शोधायची युक्ती मात्र तोवर कुणाला सुचली नव्हती. ती आमच्या गावाला सुचली.

खाडीपट्ट्यातल्या एका गावाचा एक चढाईपटू तेव्हा मोकळा होता. आपल्या संघाशी भांडून बाहेर पडलेला, महाडच्या एमआयडीसीत कामाला, तिशीला आलेला आणि बिनलग्नाचा. आमच्या मुंबईकर मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला कधीतरी एका चढाईत चौघांना बाद करताना पाहिलं होतं. तेवढ्यावर त्यांनी एका रविवारी दुपारी गावकी बसवली.

"अपने को लेने का म्हणजे लेने का," अध्यक्ष म्हणाले. "गावात लग्नाची पोरगी हाय ना? मग झाला तर."

लग्नाच्या पोरी तिघी होत्या. दोघींची ठरलेली. उरली माझी धाकटी बहीण.

मग जो वाद झाला तो मला शब्दन् शब्द आठवतो. आमचे एक चुलते जुने खेळाडू. ते म्हणाले, "अरे, चढाईला गेला की तो वळताना डावा पाय टाकीत नाय. गुडघ्यात कायतरी हाय त्याच्या." अध्यक्ष म्हणाले, तुम्ही खेळायचात तो काळ गेला. कुणी म्हणालं, तिशीचा घोडा किती पळणार? कुणी म्हणालं, एक वर्षाचाच तर प्रश्न आहे, कप आला की पुढचं पुढे. मीही उठलो आणि तावातावानं बोललो, गुडघा असा नि पकड तशी. बापाला कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पोरगा कमावता हाय. गावकी म्हनंल तसा." दोन-अडीच तास त्या माणसाच्या पायांवर चर्चा झाली. बहिणीला विचारावं असं एकाच्याही तोंडून आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तिच्या पाठचा नव्हे, थोरला भाऊ होतो.

सुपारीला तो दोन काकांना घेऊन आला. रीतीप्रमाणे पाय धुवायला मागच्या दारी पाणी घेऊन बहीण गेली. तिनं तांब्यानं पाणी घातलं, त्यानं पाय धुतले, जरा जास्तच वेळ लागला त्यांना. सुपारी फुटली, गूळ वाटला, आणि गूळ तोंडात असतानाच आमच्या लोकांनी त्याला अंगणात उभा करून उठबशा काढायला लावल्या. बाजारात बैल बघतात तसे त्याच्याभोवती फिरले. त्यानं दात चावून दहा काढल्या. अध्यक्ष म्हणाले, "बगा, काय झालाय गुडघ्याला?" चुलते उठून घरी गेले.

स्पर्धेत त्यानं आम्हाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं, हे खोटं म्हणता यायचं नाही. उपांत्य सामन्यात शेवटची चढाई त्याचीच, आणि ती बघून मी मैदानात त्याला खांद्यावर घेतला होता. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत आम्ही पुढे होतो. त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या चढाईत तो बोनस रेषेजवळ वळला आणि कुणी हात लावायच्या आत खाली बसला. समोरच्यांनी नुसता धरून ठेवला. त्यानंतर आमच्यावर दोन लोण चढले. चौथ्या वर्षी पुन्हा माती.

पुढच्याच रविवारी गावकी बसली. "फसवलान त्यानं आपल्याला," अध्यक्ष म्हणाले. "असला लंगडा जावाय कशाला हवा?" ज्यांनी सुपारी फोडली त्यांनीच मोडली. सुपारीचा नारळ त्यांच्याकडे परत पाठवला. बाप मान खाली घालून बसला होता. गावकीच्या विरुद्ध जायची आमची ऐपत नव्हती, असं मी पुढे खूप वर्षं म्हणत आलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही तो निर्णय बरोबरच वाटला होता.

पंधरा दिवसांनी तो आला. मी गावाखालच्या पाणवठ्यावर शेळ्या घेऊन होतो. एसटीच्या फाट्यापासून तो लंगडत लंगडत डोंगर चढून आला होता, हातात केळ्यांची फणी.

"बाबांना भेटायचा हाय," तो म्हणाला. "गावकीचा राग ऱ्हाऊ द्या. मी लगीन करतो. खेळ सुटला, पन काम नाय सुटला."

मी म्हणालो, "कप घालवलास तो घालवलास, आता वर तोंड करून आलास? वर चढलास तर हा दुसरा गुडघा पन फोडीन."

त्यानं वर गावाकडे बघितलं. मग म्हणाला, "तिला सांगा तरी, मी आलो व्हतो." फणी दगडावर ठेवली आणि उतरून गेला. उतरताना त्याला चढण्यापेक्षा जास्त त्रास होत होता. केळी मी शेळ्यांना घातली. घरी काही बोललो नाही. त्या दिवशी रागानं बोललो नाही, नंतर लाजेनं.

सुपारी मोडलेली पोरगी आमच्याकडे कोण करून घेतो? गावाचा दोष गावाला लागत नाही, पोरीला लागतो. सहा वर्षं ती घरात राहिली. शेळ्यांमागे गेली, आईचं आजारपण काढलं. शेवटी घाटापलीकडच्या एका बिजवराला दिली. त्याची दोन पोरं तिनं वाढवली, तिला स्वतःचं झालं नाही. नवरा वाईट नाही, बरा आहे. एवढंच तिच्या संसाराबद्दल कुणी म्हणतं, आणि तीसुद्धा एवढंच म्हणते.

मागच्या गणपतीला ती माहेरी आली होती. पडवीत अळूच्या देठांची सालं काढत बसलेली, मी शेजारी. देवळाच्या पायरीवर मुंबईहून आलेली मंडळी जमली होती आणि गुडघ्याचा वाद रंगात आला होता. प्रत्येक शब्द ऐकू येत होता. मला वाटलं उठावं आणि त्यांना गप्प करावं.

ती शांतपणे म्हणाली, "दादा, गुडघा सुजलेला मी पयल्याच दिवशी बगितला व्हता. पाय धुताना. टम्म व्हता नुसता. मला म्हनाला, सांगू नको."

"मग बोलली का नाय गो?"

"बोलली असती तर तुमी त्याला घेतला असता काय?" तिनं देठ मोडला. "मला तो आवडला व्हता."

पंचेचाळिशीला आलेली माझी बहीण, आणि तिला कुणी आवडलं होतं ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

"पन त्यानं तरी एकदा यायला पायजे व्हता," ती म्हणाली. "गावकी काय खानार व्हती काय त्याला? आला असता तर मी तशीच उठून गेली असती त्याच्यामागं. नाय आला. भित्रा निगाला."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणावं म्हणून.

"हां," मी म्हणालो. "भित्राच व्हता."