कानात नाव सांगणारी

नायगावच्या आमच्या चाळीतली समोरच्या खोलीतली ताई कुणाचीच सख्खी बहीण नव्हती, पण बारशाला मजल्यावरच्या प्रत्येक बाळाच्या कानात नाव तीच सांगायची. पदराला हात पुसत पुढे व्हायची, "सरका गं, आत्या आली."

माझा मुलगा नैरोबीला झाला, तेव्हा मी त्याच्या कानाला फोन लावला. ताईनं इकडून नाव सांगितलं, तेही हात पुसूनच.

बायको तिकडची. मुलाला भारताचं नागरिकत्व हवं, तर बाप मीच हे सिद्ध करा, असं तिथल्या भारतीय वकिलातीतले म्हणाले. डीएनए तपासणी झाली.

चाळ पाडायच्या आधी भेटायला गेलो, तेव्हा ताईला रिपोर्ट वाचून दाखवला. बाप-लेक जुळले होते.

"बरं झालं रे," ती हात पुसत म्हणाली. "आणि आत्याचं काय आलंय त्यात?"