मान कुणी पाहिलीच नाही

ट्रकची मागून धडक बसली तेव्हा रस्मिनी बाजाराच्या वळणावर स्कूटर थांबवून उभी होती. मानेला हिसका बसला, बस्स. ना रक्त, ना ओरखडा. तिसऱ्याच आठवड्यात देवळाचा उत्सव आला. नैवेद्याच्या फळांची हातभर उंच उतरंड डोक्यावर घेऊन ती इतर बायकांसारखी मैलभर चालली. मानेत कळ येत होती. पण उत्सवात कुठल्या बाईच्या येत नाही?

पुढच्या महिन्यात जबडा कटकट वाजू लागला. मग तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. भात कसाबसा जाई, गाणं मात्र अडलं. देवळातली पदं तिला सासूनं शिकवली होती. मरताना हात धरून म्हातारी म्हणाली होती, "मला जाळतील तेव्हा तूच म्हण गं." गावच्या रीतीप्रमाणे सासूला आधी पुरलं होतं, त्याला दोन वर्षं झाली होती; आणि पुरलेल्या सगळ्यांना एकत्र अग्नी द्यायचं गावाचं सामुदायिक दहन चार महिन्यांवर आलं होतं.

तोंडाचं दुखणं म्हणून सगळे तोंडातच शिरले. दातवाल्यानं दोन धडधाकट दाढा उपटल्या. मग मांत्रिक म्हणाला, वयात आल्यावर रीतीप्रमाणे हिचे दात कानशीनं सपाट केले ती तिथीच चुकली होती, विधी पुन्हा करा. झालं! पस्तिशीची बाई पुन्हा पिवळं नेसून आडवी झाली, दाढांत उसाचं कांडं धरून. उठली तेव्हा दोन बोटांचं दीड बोट झालं होतं.

शेवटी सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या दायू नावाच्या बाईनं तिच्या कवटीखाली अंगठा दाबला. कळ थेट जबड्यात गेली.

"म्बोक, कधी पडला होतात?" थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तिनं विचारलं.

"पडले नाही. ट्रकनं धक्का दिला. मानेला."

"मग हे कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही."

"अहो, मान आखडली की जबड्याचा सांधाही ओढला जातो. व्यायाम करा. आणि डोक्यावर पानसुद्धा घ्यायचं नाही."

तिनं ऐकलं. शेजारीण सुदियानी रोज टोमणा मारायची, "आल्या राणीसरकार हात हलवत!" पण सहा आठवड्यांत तोंड तीन बोटं उघडलं. रस्मिनीनं चुलीपाशी एक पद पूर्ण म्हटलं आणि ढसाढसा रडली.

दहनाच्या सकाळी नवरा देगेंग चितेवर ठेवायची सासूची चंदनाची प्रतिमा असलेलं जड तबक घेऊन समोर आला.

"अहो ब्ली, डोक्यावर नको. हातात घेते."

"आईला हातात? वाटेत कमरेखाली आली म्हणजे? सगळं गाव बघतंय. दुसरी सून आहे का घरात? आणि दुखतो तो जबडा, डोक्याला काय धाड भरलीय?"

समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला लाजही वाटली. तिनं मान पुढे केली.

स्मशानात तबक उतरवताना कानाखाली काहीतरी कटकन सरकलं. गाणाऱ्या बायका पोथी उघडून तिच्याकडे बघत थांबल्या. तिनं जोर लावला. एक बोटही जागा होईना. घशातून नुसता हुंकार आला. चिता धुमसू लागली, तेव्हा सुदियानीनंच पद उचललं. सूर वर चढला होता, शब्द चुकत होते. म्हातारी त्याच आवाजावर गेली.

देगेंग जवळ आला. त्याचे डोळे भरले होते.

"का गं म्हणाली नाहीस? आईनं एवढंच तर मागितलं होतं."

रस्मिनीला त्याला सगळं सांगायचं होतं. तेवढंही तोंड उघडलं नाही.