भोंगाताईचे पुढचे दोन दात

बसस्थानकातल्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी तिचं नाव भोंगाताई ठेवलं होतं. समोर नुसतं 'ताई', पाठ वळली की 'भोंगा'. पण म्हणायचे ते मायेनंच. फलाटाच्या टोकाला काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर माइक आणि माइकमागे ती. अमुक फलाटावर तमुक गाडी लागली आहे, एवढंच बोलायचं काम. पण ती असं बोलायची, की गाडी खास आपल्यासाठीच लागलीय असं ज्याला त्याला वाटावं. आवाजावर भाळून कुणी काचेतून डोकावलंच, तर आत पन्नाशी ओलांडलेली बाई दिसायची, केसांत खोचलेला चष्मा टेबलभर शोधत असलेली.

घरी या आवाजाला याहून मोठं काम होतं. आईला आता कुणी ओळखू येत नसे. समोर बसून घास भरवणाऱ्या लेकीलाच ती विचारायची, "बाई, तुमचं घर कुठं?" पण संध्याकाळी दारातून लेकीचा आवाज आला, "आई, उशीर झाला गं. बस चुकली," की आतून ठरलेलं उत्तर यायचं, "तुझीच बस, आणि तुलाच चुकते?"

भोंगाताई नोकरीला लागली तेव्हाचा हा विनोद. बाकी सगळं पुसलं गेलं, एवढा राहिला. तो एकदा झाला की पुढचा थोडा वेळ आई तिची आई असायची. दिवसभर ती त्यासाठीच माइकपुढे बसायची म्हणा ना.

त्यातच तिचे वरचे पुढचे दोन दात हलायला आणि ठणकायला लागले.

लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, गोळ्या झाल्या. डॉक्टरचं नाव कुणी काढलं की ती विषय बदलायची. सहा वर्षांची असताना तिचे पुढचे दोन दुधाचे दात पडायचं नाव घेईनात आणि मागून नवे डोकावायला लागले, तेव्हा आई म्हणाली होती, "चल, नुसतं दाखवून येऊ." नवा फ्रॉक घालून ही नाचत गेली. तिथं जाड बोटांचा एक माणूस होता, डोळ्यांत घुसणारा दिवा होता, आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले ते आईनंच. किती दुखलं ते ती कधीच विसरली होती. हात कुणी धरले ते विसरली नव्हती. पुढे आईला कवळी बसवायची वेळ आली तेव्हाही ती दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून जिन्यात बसून राहिली. आई बाहेर आली आणि हिच्याकडे बघून म्हणाली, "कवळी मला, आणि घाम तुला?"

दिवसा आईला सांभाळायला एक मावशी यायच्या. त्यांची जीभ धारदार होती.

"ताई, आरशात बघितलंत का? वरच्या ओठात लिंबू ठेवल्यासारखं दिसतंय."

"सूज आहे मावशी. उतरेल."

"उतरेल तर. तुमच्या गाडीतला प्रवासीच ना तो, स्टॉप आला की उतरायला."

भोंगाताई हसली नाही. आता जुन्या भीतीच्या डोक्यावर एक नवी येऊन बसली होती. दात गेले तर आवाज बदलणार. फलाटावर दुसरं कुणीही बोलेल; घरी कोण बोलणार?

पण एका संध्याकाळी ओठ इतका सुजला, की दारात उभं राहून ती बोलली ते तिचं तिलाच कळेना. आईनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"कोण आहे? हे बघा, माझी मुलगी येईलच आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगाताई दवाखान्यात होती.

डॉक्टर म्हणजे तिची लेक शोभावी अशा वयाची मुलगी. म्हणाली, "आज नुसतं बघणार आहे हं." हे शब्द कानावर पडताच भोंगाताई खुर्चीतून उठून उभी राहिली. हे पूर्वी ऐकलंय म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी अवजारांचा ट्रे लांब सारला, छोटा आरसा तेवढा हातात ठेवला, आणि खरोखर नुसतं बघितलं. दोन्ही दात काढावे लागतील, आधी औषधानं सूज उतरू दे, असं सांगितलं. मग विचारलं, भीती कसली वाटते, सुईची का?

"दात गेल्यावर माणूस ओळखू येतो का हो?"

"चेहऱ्यात तसा फार फरक—"

"चेहऱ्याचं नाही विचारत. आवाजावरून."

डॉक्टरीणबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. मग त्यांनी सरळ सांगितलं, की 'स' आणि 'श' काही दिवस घसरतील. हिरडी भरली की काढता-घालता येणारे दात बसवू, मग सगळं जागच्या जागी येईल.

सूज उतरल्यावर ती आपल्या पायांनी परत गेली. तिचे हात धरायला कुणी नव्हतं. तिनंच एका हातानं दुसरा धरला. चिमटा जवळ आला तेव्हा ती मनात बोलत होती, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक एकवरचे दोन दात थोड्याच वेळात सुटत आहेत. आणि सुटले.

संध्याकाळी जिन्यात तिनं 'बस' म्हणून बघितलं. 'बफ' आलं. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा तेच. दार उघडून ती म्हणाली, "आई, उफीर झाला गं. बफ चुकली."

ठरलेलं उत्तर आलं नाही. मग आई कोपरावर रेलून उठली.

"पडले वाटतं दोन्ही? ये इकडे. आ कर बघू."

भोंगाताई कॉटपाशी गुडघ्यांवर बसली. आ केला.

"बोळकी गं माझी ती," आई म्हणाली. या नावानं तिला त्या फ्रॉकच्या दिवसांनंतर कुणी हाक मारली नव्हती. "फार दुखलं?"

तिनं मान हलवली, नाही.

"मी हात धरले म्हणून रागावलीस ना? परत नाही हं नेणार तिथं."

आईची कवळी उशाशी वाटीत होती. त्या बोळक्या तोंडानं आई हसली, आणि दुसरी बोळकी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडली.

पुढे नवे दात आले. 'स' परत आला. फलाटावर ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून भोंग्याचं स्वागत केलं. त्या संध्याकाळी दारातून ती पूर्वीसारखी खणखणीत बोलली, "आई, उशीर झाला गं. बस चुकली."

"कोण ते?" आतून आई म्हणाली. "माझी बोळकी अजून आली नाही हो शाळेतून. तुम्हाला दिसली का वाटेत?"

भोंगाताईनं दार हळूच ओढून घेतलं. मग जिन्यात परत आली, भिंतीकडे तोंड केलं, अंगठ्यानं दात काढले आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले. दार पुन्हा उघडलं.

"आई, उफीर झाला गं."

"आलीस?" आई म्हणाली. "ये. आ कर बघू."