गायकवाडकाकांच्या गाडीचे पाटे

गाडी दुरुस्त करणाऱ्यापेक्षा बिघडवणाऱ्याकडे किस्से जास्त साठतात. नव्वदच्या सुमारास सुन्या आणि मी दर रविवारी अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या कॉलनीत कुणाच्या तरी गाडीखाली पडलेले असायचो, त्यामुळे आमच्याकडे भरपूर आहेत. पूर्वी हसत सांगायचो. आता लाज वाटते.

*

पहिला प्रयोग सुन्याच्या जुन्या फियाटवर. वळणावर गाडी कलू नये म्हणून आम्ही पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा करवतीने कापला. गाडी झकास खाली बसली. इतकी, की प्रत्येक स्पीडब्रेकरला सगळ्यांना उतरावं लागे. सुन्याचे वडील तिसऱ्यांदा उतरले तेव्हा म्हणाले, "मी चालतच घरी जातो. गाडी तुम्ही आणा."

*

उल्हासनगरला, कॅम्प दोनच्या एका दुकानात आम्ही सगळ्यात कडक शॉक अ‍ॅब्सॉर्बर मागितले.

"किसलिए?" शेठने विचारलं.

"हँडलिंग के लिए," सुन्या म्हणाला.

"वो ठीक है. गाडी में बैठेगा कौन?"

शॉक घेऊन बाहेर आल्यावर आम्ही त्याच्यावर पोट धरून हसलो.

*

गायकवाडकाका आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी सेकंडहँड फियाट घेतली ती काकूंसाठी. काकूंच्या मणक्यात गॅप होता, आठवड्यातून दोनदा उल्हासनगरला डॉक्टरकडे न्यावं लागे. काका म्हणाले, "पोरांनो, मागचे पाटे बसलेत. हिला फार धक्के लागतात. बघा जरा."

आम्ही बघितलं. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांत एकेक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवला, वर ते कडक शॉक बसवले. मागच्या बंपरवर आधी सुन्या उभा राहिला, मग मीही. गाडी जराही दबली नाही. आम्ही एकमेकांना टाळी दिली!

पहिल्या चकरेहून आल्यावर काकू दाराला धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छान केलंत रे. आता गाडी झोके खात नाही." त्यांनी आमच्यासाठी शिरा केला होता. आम्ही दोनदा मागून खाल्ला.

*

एकदा काकांबरोबर बदलापूरला गेलो. येताना मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे होता. तीसपैकी अकरा धड पोचली.

"काका, हल्ली कोंबड्यांना कॅल्शियम कमी पडतं," सुन्या म्हणाला. काका हसले. मीही हसलो.

ते वाढवलेले पाटे काढून टाकावेत हे सुन्याला सुचलं नाही. मला सुचलं होतं. पण मी बोललो नाही.

*

त्यानंतर महिन्याभराने मी कॉलनीच्या अलीकडे, पंक्चरवाल्यापाशी सायकल घेऊन उभा होतो. काकांची गाडी आली आणि थांबली. मागची सीट रिकामी. पाठोपाठ एक रिक्षा आली. तिच्यातून काकू उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून सावकाश गाडीपर्यंत चालत आल्या. काकांनी दार उघडून त्यांना मागे बसवलं. तिथून आमचं गेट शंभर पावलांवर.

मी सायकल तिथेच टाकून मागोमाग गेलो. गेटवर सुन्या उभा होता.

"काय काकू, कशी चालते गाडी?"

काकूंनी काच खाली केली.

"उतरावंसंच वाटत नाही रे, बाळा."