खाडीकाठी अठरा जणांचं जेवण

जानेवारीतला दुसरा रविवार. ठरलेली रक्कम एकवीस हजार सहाशे रुपये, माणशी बाराशे. हजर: डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीतले अठरा जण, सहलीचा संयोजक, आणि खाडीकाठच्या एका आगरी गावातल्या बचत गटाच्या पाच बायका. निम्मी रक्कम मी संयोजकाला ठाण्यात खोपटच्या त्याच्या ऑफिसात आधीच दिली होती. सोसायटीची खजिनदार मी आहे, त्यामुळे उरलेले पैसे माझ्या पर्समध्ये होते.

बाराशेत बस, खारफुटीतून होडीची फेरी, फ्लेमिंगो आणि गटाच्या बायकांच्या हातचं जेवण होतं. माहितीपत्रकावर ‘पर्यावरणपूरक पर्यटन’ आणि ‘स्थानिकांना रोजगार’ असं हिरव्या अक्षरांत छापलेलं होतं. पैसे देताना मी विचारलं होतं, यातले गावात किती पोचतात? होडीचे तीन हजार आणि जेवणाचे पानामागे दीडशे, असं संयोजक म्हणाला. म्हणजे पाच हजार सातशे, चौथ्या हिश्शाहून जरासे जास्त. मला ते कमी वाटलं, पण निदान आकडा कळला.

आमचे सेक्रेटरी काका बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी आदल्या दिवशी, शनिवारी, ग्रुपवर सूचना टाकली: सहल इको-फ्रेंडली आहे, प्रत्येकाने घरचा स्टीलचा डबा आणि घरचं पाणी आणावं, कागदी प्लेट, बाटल्या, वेफर्स काही नको.

“काका, जेवण पॅकेजमध्ये आहे,” मी म्हटलं.

“रद्द केलं मी. आजच फोन केला त्याला. कशाचं तेल, कुठलं पाणी, कुणास ठाऊक! दीडशे प्रमाणे सत्तावीसशे कमी करतोय तो. परत वाटून टाका सगळ्यांना.”

सगळ्यांनी अंगठे दाखवले. पिशवीत प्लास्टिक नाही आणि पोटाला त्रास नाही, यापलीकडे कुणी विचार केला नाही. आमच्यासारख्या घरांत बाहेर निघताना डबा घेणं हा सद्गुणच असतो. आम्हाला आता आठ हजार शंभर द्यायचे राहिले.

गावच्या धक्क्यावर होडी एकच होती. ती गटाच्या अध्यक्ष बाई स्वतः चालवत. पन्नाशीच्या असाव्यात, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्याला उन्हाचा रुमाल. एका वेळी नऊ माणसं आणि एका भरतीत दोनच फेऱ्या, असा गटाचा नियम होता. पहिल्या फेरीत मी आणि काका होतो. चिखलावर गुलाबी पक्ष्यांची लांबच लांब रांग दिसली तसे काका मोबाइल घेऊन उभे राहिले.

“जरा जवळ घ्या ना. शंभर जास्त देतो.”

“बसा आदी, नायतर तुमीच पान्यात जाल,” बाई म्हणाल्या. “पाखरा एकदा उठली का खायाची थांबतान. रोज दोन येला उठवली तर पुरच्या साली येतील कशाला?”

काका बसले. बाईंनी होडी तिथेच थांबवली, तेव्हा पक्ष्यांचा आवाज ऐकू आला. कोंबड्यांच्या खुराड्यासारखा.

दुसरी फेरी परत येईपर्यंत पहिल्या नऊ जणांनी वडाखाली डबे उघडून पोळी-भाजी संपवली. सगळे जमल्यावर अध्यक्ष बाई आम्हाला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे सारवलेल्या जमिनीवर अठरा ताटं मांडलेली होती. तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, कोलंबीचं कालवण, शाकाहारी मंडळींसाठी वालाची भाजी.

“बसा ना. भाकरी गरम हाय.”

काका संयोजकाकडे वळले. “जेवण रद्द केलं होतं ना?”

“केलं होतं. मी निरोप ठेवला होता यांच्या मुलाच्या फोनवर.”

“पोरगा सुटीवर हाय काय? त्यो रातपालीला कंपनीत गेलेला, निरोप नाय मिलला,” बाई म्हणाल्या. “आमी पाटे चारला उठलो. कोलबी आनली उधारीवर.”

संयोजक म्हणाला, रद्द झालेल्या जेवणाचे पैसे तो देऊ शकत नाही. काका म्हणाले, आपण आदल्या दिवशी कळवलं, आपला संबंध संपला. कागदावर दोघांचंही बरोबर होतं आणि ताटं मात्र अठरा होती.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, होडीचे पैसे तरी हातात मिळतात का?

“म्हयन्या-दोन म्हयन्यानी. आज सांजला गटाची बैठक हाय, बाय. भरावाचा ट्रकवाला रोज येतो. धक्क्याच्या बाजूला रातचा राडारोडा टाकू द्या, रोख देतो म्हनतो. घरची मानसा बोलतान, होरी इका, तिच्यान काय मिलतं? आज रिकाम्या हातान गेले तर माजं कोन ऐकनार?”

धक्क्याच्या बाजूला म्हणजे तिवरांच्या खारफुटीत. त्या भरावापुढे ना पक्षी टिकले असते, ना कोलंबी. माझ्याजवळ त्या क्षणी रोकड होती आणि हे थांबवायला ती पुरेशी होती. मी ठरवलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “जेवणाचे सत्तावीसशे आपण द्यायचे. माणशी दीडशे परत मिळणार नाहीत.”

“अगं, सभेत उत्तर कोण देणार?” नवरा कुजबुजला.

“मी. आणि तू आता जेवायला बस.”

“माझं पोट भरलंय.”

“कोलंबी बघितल्यावर तुझं पोट कधी भरलेलं पाहिलं नाही मी.”

तो बसला. त्याच्यामागून आणखी सात-आठ जण बसले. बाकीच्यांनी रिकामे डबे धुऊन त्यांत भाकरी आणि भाजी भरून घेतली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर कालवणासाठी शेजारणीचाही डबा मागून घेतला.

काका बायकोशेजारी उभेच होते. “हे नियमबाह्य आहे. माझे आणि हिचे तीनशे मला परत पाहिजेत.”

“मिळतील काका.”

मग मी संयोजकाला सांगितलं, होडीचे तीन हजार मी इथेच गटाला देणार, त्याच्या रकमेतून वजा करून.

“मॅडम, अशी पद्धत नाही. सगळे पेमेंट आमच्याकडून जातात.”

“जातात, पण दोन महिन्यांनी. तुम्ही पावतीवर लिहा, होडीभाडं पार्टीने परस्पर दिलं. नाही लिहिलं तर तुमची बाकी मी सोमवारी खोपटला येऊन देईन, तेव्हा आणखी आठ सोसायट्यांच्या खजिनदारांना घेऊन येईन. सगळ्या माझ्या ओळखीच्या आहेत. आम्हाला हिशोब बघायला आवडतो.”

“अहो, तसं नाही...” म्हणत त्याने पेन काढलं.

पुढच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला. काकांनी आक्षेप नोंदवला, मी उत्तर दिलं, आणि येत्या सहलीत गावचं जेवण गावातच जेवायचं व गावचे पैसे गावातच द्यायचे, असा ठराव नऊ विरुद्ध चार मतांनी झाला. होडी अजून गटाकडेच आहे. ट्रकवाला अजून येतो, असंही बाई फोनवर सांगतात.

त्या दिवशी अंगणात दिले ते असे: अध्यक्ष बाईंच्या हातात, इतर चौघींसमोर, पाच हजार सातशे रोख. संयोजकाला पाच हजार शंभर. आणि बसमध्ये बसल्यावर सेक्रेटरी काकांना तीनशे, माझ्या घरखर्चातून.